बैलाच्या चालीचे टायर

टायर फुटला की माणसाला गाडीतून खाली उतरावं लागतं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. किती खाली उतरावं लागतं ते मात्र अख्ख्या खानदेशात मला एकट्यालाच ठाऊक आहे. इतकी वर्षं मी ही गोष्ट लोकांना हवी तशी सांगत आलो. कधी तीत वाघ घातला, कधी पांझरेला पूर आणला. आज वाघ नाही आणि पूरही नाही. एक बैल तेवढा आहे, आणि तो खरा आहे.

मुळात 'टायर' हा शब्द माझ्याशी कधी सरळ वागलाच नाही. माझ्या लहानपणी आमच्या गावात टायर म्हणजे बैलगाडी. लोखंडी धावेची असली तर ती नुसती गाडी, आणि रबरी चाकांची असली तर 'टायर'. "टायर जुंपलं का?" असं विचारलं की बैल उभे राहत. मुलगी द्यायची असली तर आधी विचारत, "घर टायर शे का?" टायर असलेला मुलगा म्हणजे तालेवार. पुढे जळगावला सरकारी कचेरीत चिकटलो, तेव्हा कळलं की टायर ही एक काळी गोल वस्तू असून ती एस.टी.ला लावतात. शेजारचे गिरधरभाऊ भुसावळला रेल्वेत गार्ड होते. ते म्हणायचे, "आमच्या चाकालाही टायर असतं हो, पण लोखंडाचं. चाळीस वर्षांत एकदा पंक्चर नाही!" म्हणजे एका गल्लीत तीन टायर, आणि तिन्ही खरे.

अठ्ठ्याऐंशी साली मी भिकमशेठची जुनी फियाट घेतली, आणि या शब्दांच्या जत्रेत मी स्वतःच शिरलो.

भिकमशेठ म्हणजे सावद्याचे मोठे ट्रान्सपोर्टवाले. केळीचे अठरा ट्रक. फियाट त्यांनी नीट वापरलेली होती, मी ती नीट वापरायला तयार होतो, आणि सगळं नीट झालं असतं. पण माझ्या नशिबात साडू होता. रतिलालराव धुळ्याचे. त्यांचीही फियाटच. फक्त त्यांनी मागच्या बाजूला चांगली पंजाभर रुंद चाकं लावली होती. माझी गाडी पहिल्यांदा बघितली तेव्हा ते तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "आबा, बाकी छान आहे. पण ही चाकं शिवणयंत्राची का?"

सुनंदाबाई, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, तोंडाला पदर लावून हसल्या. साडूच्या विनोदाला बायको हसली की पुरुषाचं अर्धं आयुष्य तिथेच संपतं. उरलेल्या अर्ध्यात मी टायरचा अभ्यास केला.

अभ्यासाचं ठिकाण अजिंठा चौफुलीवरचं अभिमनचं दुकान. अभिमन एरंडोलकडचा. पंक्चर काढणं, हवा भरणं, टायर चढवणं यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. टायरवर नुसती चापट मारून आत किती हवा आहे ते तो सांगायचा. दुकानापुढच्या बाकावर गाड्यांचे शौकीन बसत. त्यांच्यात बसून मी नवी भाषा शिकलो. रुंद टायर म्हणजे 'चौडा', झिजून गुळगुळीत झालेला तो 'टकला'. आणि सगळ्यात मानाचा शब्द 'मॅग'. मॅग नावाच्या हलक्या धातूची चाकं मुंबईकडे कुठे असतात म्हणे. ती आमच्यापर्यंत कधी आलीच नाहीत, पण शब्द आला. मग चंदेरी रंग मारलेलं लोखंडी चाक म्हणजे मॅग. त्यावरची चकचकीत टोपी म्हणजेही मॅग. वर्षभरात चौफुलीवरची आरसेवाली पानटपरी 'मॅग टपरी' झाली, आणि सोनेरी बटणांचा सदरा घालून आलेल्या एका नवरदेवाला मी स्वतःच्या कानांनी "एकदम मॅग!" म्हटलेलं ऐकलं. वस्तू न येता शब्दानेच संसार थाटल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आमच्या कचेरीतला 'त्वरित' हा शब्द सोडून.

तर मला चौडे हवे होते, आणि मॅग हवे होते. माझ्या खिशाला जमतील असे ते निंबाच्या वखारीत मिळाले. निंबा बैलगाड्या बांधायचा. त्याच्याकडे दोन रुंद टायर होते, चाकासकट. वर नक्षी इतकी ठसठशीत की बोट घातलं तर पेराएवढं आत जाई. मी चाकांना चंदेरी रंग मारून घेतला आणि हातगाडीवर घालून मिरवत अभिमनकडे आणले.

अभिमनने एका टायरवर चापट मारली. मग कान लावला. मग नक्षीत नख घातलं.

"आबा, हाई तं कातेल शे."

"म्हणजे?"

"टकलं टायर. गरम पात्यानं नवी नक्षी पाडेल शे. बैलगाडीले चालस. बैलना चालनं टायर शे हाई. फियाटले नका लावू."

"अरे, नक्षी बघ किती खोल आहे!"

"तेच तं! जेवढी नक्षी खोल, तेवढं रबर कमी."

आता तुम्हीच सांगा, अठ्ठावीस वर्षं कागदाची वरची बाजू बघून निर्णय देणाऱ्या हेडक्लार्कला हे पटणार कसं? मी आवाज चढवला. बाकावरचे शौकीन बघत होते. अभिमनने मान हलवली आणि टायर बसवले. बसवल्यावर मात्र तो माझ्या खिडकीशी वाकून म्हणाला, "तीसना वर जाऊ नका. आन् स्टेपनी डिकीतून काढू नका. मन्ही आन शे तुम्हाले."

यानंतरची अडचण सरकारी. गाडी अजून माझ्या नावावर चढायची होती. आर.टी.ओ.तल्या कारकुनाने गाडीचं पुस्तक उघडलं, बाहेर येऊन गाडी बघितली, परत पुस्तक बघितलं, आणि चष्मा काढला. चष्मा काढला की नकार येतो, हे मला माहीत होतं. मीही तसंच करायचो.

"टायरचं माप जुळत नाही."

"रुंद आहेत, म्हणजे जास्त सुरक्षित."

"तसं कुणीतरी लिहून द्यायला हवं. जाणकाराचा दाखला आणा."

चव ओळखीची होती. आयुष्यभर मी लोकांना जो घास भरवला, तोच हा. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, कौतुक वाटलं. दाखल्याचा मसुदा करण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. घरी येऊन मी लिहिला: "मी खाली सही करणार अभिमन, धंदा टायर दुरुस्ती, असे लिहून देतो की, सदर वाहनास बसविलेले मागील दोन टायर मी स्वतः तपासले असून ते वाहनास सर्वतोपरी योग्य आहेत. पुढेमागे काही उद्भवल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी माझी राहील."

हे शेवटचं वाक्य त्या कारकुनाने मागितलं नव्हतं. कुणीच मागितलं नव्हतं. हात सवयीने वळला आणि ते लिहून गेला. कुठल्याही कागदाच्या शेवटी जबाबदारी दुसऱ्याच्या दारात ठेवून यायची, एवढी एकच विद्या मी नोकरीत शिकलो होतो.

अभिमनला आकडे वाचता येत, अक्षरं येत नसत. सही मात्र तो करायचा, नांगरट केल्यासारखी. त्याने कागद हातात घेतला.

"काय लिहेल शे, आबा?"

"हेच की, टायर तू बसवलेस."

हे खोटं नव्हतं. अर्धं होतं. अर्धं वाचून दाखवणं ही कचेरीतली जुनी रीत आहे. अभिमनने ओल्या हाताने काळजीपूर्वक नाव नांगरलं. कागद आर.टी.ओ.त गेला, गाडी माझ्या नावावर झाली, आणि कार्बन कॉपी माझ्या सदऱ्याच्या खिशात राहिली. ती मी का ठेवली? सवय.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली, आणि रतिलालरावांच्या नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीचं आमंत्रण आलं. निघायच्या आदल्या दिवशी हवा भरायला गेलो, तर अभिमन हात पुसत पुसत जवळ आला. इतका लाजताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

"आबा, भिकमशेठ त्यास्ना अठरा ट्रकना टायरनं काम एकाच दुकानले देणार शेत. मन्हं नाव कानवर शे त्यास्ना. वास्तुले शेठ बी येतीन. तुम्ही दोन शब्द टाका ना."

"दोन? अरे, मी तुझ्यावर भाषण करीन!"

त्याने पैसे घेतले नाहीत. उलट मागच्या दोन्ही टायरवर पुन्हा चापट मारून, जरा नाराज होऊन, म्हणाला, "तीसना वर नका."

घरी आलो तर सुनंदाबाईंनी बहिणीसाठी बिबड्यांचे तीन पत्र्याचे डबे काढून ठेवले होते. बिबड्या म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. धक्का लागला की भुगा. डबे मागच्या सीटवर ठेवले तर उन्हाने सादळतील की वाळतील यावर गल्लीत मतभेद झाले. गिरधरभाऊंनी गार्डाच्या अधिकाराने निकाल दिला, "माल ब्रेकव्हॅनमध्ये!" म्हणजे डिकीत. डिकीत डबे बसेनात. मग स्टेपनी काढली आणि जिन्याखाली ठेवली. अभिमनची आण मला आठवली नाही असं नाही. मला वाटलं, आण माझी थोडीच आहे, त्याची आहे.

पारोळ्यापर्यंत मी तीसनेच गेलो. बैलगाड्यांनी मला ओलांडलं नाही, एवढंच. सायकलीने ओलांडलं. सुनंदाबाई दर मैलाला म्हणत होत्या, "अकरा चाळीसचा मुहूर्त आहे हो." उन्हाने डांबर पाघळत होतं. मग एका स्कूटरवाल्याने जाता जाता वळून बघितलं. त्याच्या मागे बसलेल्या बाईनेही बघितलं. त्या बघण्यावर मी साठ गाठली.

धुळं तीन किलोमीटर, असा दगड दिसला आणि मागे उजवीकडे सुतळी बॉम्ब उडावा तसा आवाज झाला. गाडी रस्ता सोडून कडुनिंबाच्या झाडाशी जाऊन थांबली. झाड आणि आम्ही दोघंही बचावलो. बिबड्या गेल्या.

उतरून बघतो तर टायरची सालटी लोंबत होती. आतलं रबर पापडापेक्षा पातळ. तेवढ्यात मागून एक टायर आलं; आमच्या लहानपणीच्या अर्थाचं, दोन बैलांचं. हाकणारा झुलाल नावाचा म्हातारा शेतकरी. तो थांबला.

"काय व्हयनं, भाऊ?"

मी काही बोलायच्या आत त्याच्या उजवीकडच्या बैलाने मान लांब केली, फाटक्या टायरचा वास घेतला, आणि ते चाटायला लागला. झुलाल खाली उतरला, टायरच्या बाजूला थुंकी लावून बोटाने घासलं. चंदेरी रंगाच्या थेंबांखाली एक फुली दिसली.

"हाई तं मन्हं टायर शे!" तो आनंदाने ओरडला. "तापेल सळईनी मीच फुली मारेल व्हती. झिजी गयं तं पारोळाना बाजारमा इकी टाकं. देखा, मन्हा सर्जानी बराबर वळखं!"

बैलाला टायर मागच्या बाजूला असतं, मग त्याने ते ओळखलं कसं, असं पुष्कळ शहाणे मला विचारतात. त्यांनी सर्जाला विचारावं. तो त्या टायरच्या सावलीत दहा उन्हाळे बसला होता.

झुलालने दोरखंड काढला. जुन्या टायरचा मान म्हणून की काय, तो पैशाला शिवेना. आणि अशा रीतीने माझी फियाट, पुढे दोन बैल, मागे चंदेरी मॅग, आत स्टिअरिंग धरून मी आणि शेजारी डोळे मिटून बसलेल्या सुनंदाबाई, अशी अकरा बावन्नला साडूच्या मांडवापुढे आली. मांडवातली माणसं उठून बाहेर धावली. सर्जा थांबला, गाडी गचका खाऊन थांबली, आणि त्या गचक्याने उरलेला दुसरा टायर फुटला. आत भटजी "स्वाहा" म्हणत होते. त्यांनी ते पुरं केलं नाही.

रतिलालराव प्रदक्षिणेला निघाले. मी त्यांना ती पुरी करू द्यायला हवी होती. हसले असते, आठ दिवसांनी विसरले असते. पण गर्दीत भिकमशेठ पुढे आले, आपली जुनी गाडी बघून त्यांना खरंच वाईट वाटलं, आणि त्यांनी साधंच विचारलं, "साहेब, हे टायर कोणी बसवले?"

दोन शब्द टाकायची वेळ आली होती. मी खिशात हात घातला आणि अख्खा कागद टाकला.

"अभिमनने! हे बघा, त्याची सही. 'मी स्वतः तपासले असून.' 'सर्वस्वी जबाबदारी माझी.' आम्ही बापडे कचेरीतली माणसं, आम्हाला टायरमधलं काय कळतं?"

भिकमशेठनी कागद शांतपणे वाचला, घडी करून मला परत दिला आणि म्हणाले, "बरं झालं आजच कळलं." बस्स, एवढंच. लोक आता माझ्याकडे सहानुभूतीने बघत होते. कुणीतरी मला पन्हं आणून दिलं. ते फार गोड होतं, आणि मी ते प्यालो.

झुलाल मात्र दोरखंड गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं, पण टायर ओळखता येत होतं.

गाडी तिथेच ठेवून आम्ही एस.टी.ने परतलो. एरंडोल आल्यावर सुनंदाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "अहो, तो कागद तुम्ही लिहिलात ना?"

"कशावरून?"

"'पुढेमागे काही उद्भवल्यास.' हे अभिमनचं बोलणं नाही. माझ्या माहेरच्या साखरपुड्याच्या यादीतही तुम्ही हेच लिहिलं होतं."

दुसऱ्या दिवशी मी चौफुलीवर गेलो. वाटेत तीनदा परत फिरलो, हे सांगायलाच हवं. अभिमन एका सायकलीत हवा भरत होता.

"शेठना निरोप उना," तो म्हणाला. "काम दुसराले दिन्हं." मग हवा भरायची थांबून, "आबा, त्या कागदमा काय लिहेल व्हतं?"

मी कार्बन कॉपी काढली आणि वाचून दाखवली. या वेळी सगळी. माझं इतकं रेखीव मराठी इतकं घाणेरडं मला कधी लागलं नव्हतं. बाकावरचे शौकीन खाली बघायला लागले. अभिमनने सायकलीच्या चाकाला चापट मारली, व्हॉल्व्हला टोपी लावली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"वाची दखाडं असतं, आबा. सही तं मी तरीबी कयी असती."

त्याने शिवी दिली असती तर मी तिच्यावर हरकत घेतली असती. या वाक्यावर कुठली हरकत घेणार?

सावद्याला मी दुसऱ्याच दिवशी गेलो. भिकमशेठच्या गाड्यांच्या आवारात केळीचे घड भरणं चाललं होतं, आणि शेठ खाटेवर बसले होते. मी नवा कागद करून नेला होता, माझ्या सहीचा. शेठनी तो वाचला आणि हसले.

"साहेब, हाही झकास लिहिलाय. पण कागदाचं तुमच्या काय खरं? परवाचा वाचला तेव्हा तोही खराच वाटला. इथे बारा ड्रायव्हर आहेत. तोंडाने सांगा."

मग मी केळीच्या पानांच्या ढिगाशेजारी उभा राहून सांगितलं. निंबाच्या वखारीपासून पन्ह्यापर्यंत. सुरुवातीला सवयीने एक वाघ डोकावत होता, पण मी त्याला हाकललं. अभिमनने काय बजावलं ते सांगितलं, स्टेपनी जिन्याखाली आहे ते सांगितलं, अर्धंच वाचलं ते सांगितलं. बैल टायर चाटतो तिथे ड्रायव्हर हसून हसून केळीच्या पानांवर पडले. शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं, हे सांगितलं तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

शेठ उठले. "पार्टी बदलायची आमच्यात रीत नाही. पण दुसऱ्याला नुसता निरोप गेलाय, जबान दिलेली नाही. ज्याने बसवायच्या आधी नाही म्हटलं, असा माणूस मला हवाच होता. अभिमनला उद्या पाठवा." आणि मी वळल्यावर, "तुम्ही येऊ नका त्याच्याबरोबर."

काम अभिमनला मिळालं. गोष्ट इथे संपवता आली असती, तर मी आज मान वर करून ती सांगितली असती. पण बारा ड्रायव्हर होते, आणि केळी दिल्लीपर्यंत जायची.

सहा महिन्यांत खानदेशच्या रस्त्यांवर नवीन शब्द आला. टकल्या टायरवर नक्षी पाडलेली असली की त्याला 'कातेल' किंवा 'कातीव' म्हणेनात. म्हणू लागले 'हेडक्लार्क'. "पुढचे दोन नवे, मागचा एक हेडक्लार्क." वर अक्षर मोत्यासारखं, आत काही नाही. पहिल्यांदा हा शब्द मी चाळीसगावच्या स्टँडवर ऐकला आणि चहा अर्धा टाकून उठलो. मग शब्द चाकांवरून उतरला. भुसावळला वरून गोड, आतून कच्च्या आंब्याला हेडक्लार्क म्हणताना ऐकला. एका लग्नात मुलीकडचे आजोबा म्हणाले, "स्थळ दिसायला चांगलं आहे, पण बघा हं, हेडक्लार्क नसावं." मी शेजारीच होतो, खरोखरीचा निवृत्त हेडक्लार्क. हा शब्द कुणावरून आला ते त्यांना ठाऊक नव्हतं. शब्दाला आता माझी गरजच उरली नव्हती. मॅगसारखाच तोही वस्तूवाचून नांदत होता. रतिलालरावांना पत्ता लागला तेव्हा त्यांनी प्रदक्षिणाही घातली नाही. एवढा मोठा विनोद झाला की साडूलासुद्धा दया येते.

एका दुकानात मात्र हा शब्द चालत नसे. अजिंठा चौफुलीवर अभिमन अजून 'कातीव'च म्हणायचा. बाकावरच्या कुणाच्या तोंडून दुसरा शब्द निसटला तर हातातला पाना खाडकन खाली ठेवायचा. मी तिथे रोज बसायचो, अभिमन दर वेळी कुणाला तरी उठवून मला बाकावर जागा करून द्यायचा, आणि त्या पान्याच्या आवाजाने मी रोज थोडा थोडा खाली बसायचो. उघडउघड हसले असते ते परवडलं असतं.

परवा परवाची गोष्ट. मी मागच्या बाजूने दुकानात शिरलो. अभिमन एक टायर गिऱ्हाइकासमोर उभं धरून सांगत होता, "देखा, हाई हेडक्लार्क शे. लावू नका." आणि तेवढ्यात त्याने मला बघितलं. त्याचा चेहरा पडला. "म्हणजे, कातीव..."

मी पुढे झालो. टायर हातात घेतला, नक्षीत नख घातलं, त्यानेच शिकवलं होतं तसं. मग चापट मारून कान लावला.

"कातीव कसला," मी म्हणालो. "चांगला निवृत्त हेडक्लार्क आहे हा. बैलगाडीला दे. बैल ओळखतील."

अभिमन आधी हसला नाही. मग हसला. आणि पहिल्यांदाच, बाकावर माझ्यासाठी जागा करायला त्याने दुसऱ्या कुणाला उठवलं नाही. म्हणाला, "उभं काय ऱ्हायनात, आबा? त्या बाजूनं धरा. जड शे."